आई हरवली तर वर्णन काय लिहाल?

सोल स्टेशन. मुलांकडे वाढदिवस साजरा करायला गावाहून आलेलं म्हातारं जोडपं. मेट्रो येते, वडील सवयीप्रमाणे पुढे चालत डब्यात शिरतात, दार बंद होतं. मागे वळून बघतात, तर आई नाहीच!

क्युंग-सूक शिन या कोरियन लेखिकेची ‘प्लीज लुक आफ्टर मॉम’ ही कादंबरी इथून सुरू होते. २००८ मध्ये ती कोरियात आली आणि तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. इंग्रजी अनुवाद २०११ चा. त्याच वर्षीचं ‘मॅन एशियन’ पारितोषिकही तिला मिळालं.

यात खून नाही, डिटेक्टिव्ह नाही. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. निळ्या चपला घातलेली, पायाला जखम झालेली एक बाई दिसली, असे फोन येत राहतात. आणि ती दिसते कुठे? थोरला मुलगा वर्षांपूर्वी जिथे जिथे राहिला, नेमकी तिथेच. अंगावर काटा येतो.

पण खरा सस्पेन्स वेगळाच आहे. मुलं ‘हरवली आहे’चं पत्रक लिहायला बसतात आणि अडकतात. जन्मसाल कागदोपत्री १९३८, खरं १९३६. अलीकडचा फोटो शोधायला जावं, तर ती फोटोच्या वेळी हळूच बाजूला सरकलेली. मुलगी नामवंत लेखिका, पण आईला वाचता येत नाही हे तिलाही फार उशिरा कळलेलं. स्टेशनवरच्या पाट्या आई कशा वाचणार? म्हणजे ती त्या दिवशी हरवली की घरात आधीच हरवली होती? लेखिका बरीचशी गोष्ट ‘तू’ म्हणून सांगते, त्यामुळे प्रत्येक आरोप थेट आपल्यावरच येतो. शेवट सांगत नाही, तो तुम्हीच वाचा.

पुस्तक संपवलं त्या रात्री मी मोबाइलची गॅलरी उघडली. मित्रांचे, चहाचे, मांजराचे शेकडो फोटो. आईचा एकटीचा? एकही नाही. ग्रुप फोटोत ती होती, पण अर्धी कुणाच्या तरी खांद्यामागे.

सकाळी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, ‘आई, तुझी खरी जन्मतारीख कुठली गं?’

‘१ जून. शाळेत घालताना मास्तरांनी लावली तीच.’

‘अगं, खरी?’

‘पावसाळ्यातली. आजी म्हणायची, नदीला पूर होता.’ पोळी उलटत ती म्हणाली, ‘का रे, कुठला फॉर्म भरायचाय?’

आईला काही विचारायचं ते फॉर्मसाठीच, हे तिनेही गृहीत धरलं होतं. मला काही बोलता येईना. मोबाइल काढला, तर ती म्हणाली, ‘थांब, हात पिठाचे आहेत.’

मी थांबलो नाही.