“त्याचा बापहि उशिरांच बोलला होता!”

आपल्या घरांतून मूल जन्मास आलें कीं पहिली नजर घड्याळाकडे जाते. जन्मवेळ मिनिटासह टिपली जाते, तिच्यावरून पत्रिका मांडतात आणि ती पत्रिका पुढें तीस वर्षें कपाटांत जपून ठेवतात. परंतु त्याच घरांत जाऊन, “बाळ आधाराशिवाय बसलें तें कोणत्या महिन्यांत? बोट दाखवून वस्तु मागूं लागलें तें केव्हां?” असें विचारा, आजी म्हणेल दिवाळीच्या सुमारास, आई म्हणेल संक्रांतीनंतर. ग्रहांची नोंद अचूक आणि मुलाची मात्र मोघम!

हा मोघमपणा अंगाशीं येतो तो मूल मागें पडूं लागल्यावर. दोन वर्षें झालीं तरी मूल बोलत नाहीं, हांक मारली तर वळत नाहीं, हें आईच्या मनास सर्वांआधीं टोचूं लागतें. तिनें धीर करून विषय काढला कीं ठराविक उत्तर मिळतें, “अग, त्याचा बापहि उशिरांच बोलला होता; आतां बघ, थांबतो का!” विनोद होतो, सर्व हंसतात आणि सहा महिने निघून जातात. त्या उत्तरांत वडीलधाऱ्यांची माया असते, नाहीं असें नाहीं. पण मायेच्या आड आणखी कांहीं दडलेलें असतें. घरांत लग्नाची आत्या आहे. मुलाच्या नांवाला कांहीं चिकटलें तर स्थळें परत जातील. शिवाय ‘हें कोणाकडून आलें?’ असा प्रश्न निघाला कीं सर्वांचीं बोटें आपल्याकडेच वळणार, हें सुनेस ठाऊक असतें. म्हणून तीहि पुढें गप्प राहते. इतरत्र अज्ञानामुळें उशीर होत असेल. आपल्या सुशिक्षित घरांत तो बहुधा अब्रूपायीं होतो.

“आमच्या वेळीं हीं खुळें नव्हतीं,” असें म्हणणाऱ्यांनीं काश्यपसंहिता पाहावी. कौमारभृत्य म्हणजे बालवैद्यक, त्याचा हा प्राचीन ग्रंथ. नेपाळांत मिळालेल्या खंडित पोथीवरून तो १९३८ सालीं छापला गेला. वर्षाचें होऊनहि जें मूल पायांनीं चालत नाहीं त्यास ग्रंथकार ‘फक्क’ अशी संज्ञा देतो, त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार सांगतो आणि औषधोपचाराबरोबरच चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांचा एक लहानसा रथ करवून घ्यावयास सांगतो. आपल्या पांगुळगाड्याचा हा भाऊबंदच! ‘चालेल हळूहळू’ असें म्हणून तो प्राचीन वैद्य हात जोडून बसत नाहीं.

आजच्या शास्त्रानें त्याची मर्यादा सैल केली आहे, एवढेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत भारतांतील मुलांचाहि समावेश होता. निरोगी मुलें आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हांहि स्वतंत्रपणें चालूं लागतात, असें तींत आढळलें. तेव्हां शेजारचें मूल दहाव्या महिन्यांत चाललें म्हणून घाबरूं नये. पण नऊ महिने सरून गेले तरी बसत नाहीं, दीड वर्ष उलटलें तरी पाऊल टाकीत नाहीं, असें असेल तर थांबूं नये. दोन वर्षांच्या मुलानें ‘आई पाणी’, ‘बाबा भूर’ असे दोन शब्द जोडावयास हवे. आणि आलेले शब्द जर मूल विसरूं लागलें, तर वय कोणतेंहि असो, त्याच आठवड्यांत वैद्याकडे जावें. घरांत दोन भाषा बोलतात म्हणून मूल मुकें राहतें, ही समजूत मात्र टाकून द्यावी. तीस आधार नाहीं.

बोलण्याची शंका आली कीं प्रथम कान पाहावे. थाळी वाजविली, मूल दचकलें, म्हणजे कान शाबूत, ही आपली घरगुती परीक्षा फसवी आहे. जाड आवाज ऐकूं येणाऱ्या मुलास ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक ध्वनि मुळींच ऐकूं येत नसतील. माझ्या अध्यापनाच्या काळांत पांचवींत एक मुलगा आला. आधींच्या शाळेनें प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाहीं’ असा शेरा मारलेला होता. मी फळ्याकडे तोंड करून जें सांगे तें त्यास कधींच उमगत नसे. वर्गाकडे वळून सांगितलेलें बहुतेक उमगे. तपासणी झाली तेव्हां दोन्ही कान अधू निघाले. यंत्र मिळालें, अभ्यासहि सुधारला. परंतु ‘स’ आणि ‘श’ त्याच्या उच्चारांत एकच राहिले. दहा वर्षें जे ध्वनि कानांत शिरले नाहींत ते जिभेवर कोठून येणार? नवजात अर्भक झोपलें असतां कानांत लहानशी नळी ठेवून थोड्या मिनिटांत होणारी तपासणी आज उपलब्ध आहे. पहिल्या महिन्यांत ही तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्याच्या आंत उपचारास आरंभ, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

या कामासाठीं सरकारनें एक मोठी योजना केली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचीं जन्मजात व्यंगें, आजार, पोषणांतील उणिवा आणि विकासांतील विलंब हुडकून काढणें हें त्याचें काम. दोन वैद्य, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असें पथक वर्षांतून दोनदां अंगणवाडींत आणि एकदां सरकारी व अनुदानित शाळेंत येतें; ज्या मुलाविषयीं शंका वाटते त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावें, उपचार विनामूल्य व्हावे, अशी योजना आहे. आतां यांतील विसंगति पाहा. पारनेर किंवा पाथर्डी तालुक्यांतील शेतमजुराचें मूल अंगणवाडींत जातें, म्हणून तें या पथकाच्या दृष्टीस पडतें. नगर शहरांतील प्राध्यापकाचें मूल खासगी इंग्रजी बालवर्गांत जातें. त्याच्याकडे हें पथक फिरकतच नाहीं. ज्यांस सर्व कांहीं ठाऊक आहे असें आपण समजतों, त्यांचींच मुलें या जाळ्याच्या बाहेर!

पाहणाऱ्यास पदवी लागते असेंहि नाहीं. याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. खेड्यांतील स्त्रिया, ज्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, त्यांनीं शिकविल्या. या बाया घरोघर जाऊन मुलांचीं वजनें करीत आणि कोणाचें मूल खंगत आहे हें अचूक सांगत. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षरशत्रु म्हणून आपण ज्यांस हिणवलें असतें त्या बायांस जें दिसलें, तें आपल्या दिवाणखान्यांत का दिसूं नये?

तेव्हां काय करावें? लसीकरणाच्या वेळीं मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात. तें पान उघडावें आणि पत्रिकेशेजारीं ठेवावें. शंका आल्यास आधीं बालरोगतज्ज्ञ गांठावा. तो ‘थांबा’ म्हणाला तर ‘किती दिवस, आणि तोंवर काय पाहावयाचें?’ असें विचारून तारीख लिहून घ्यावी. नगरच्या जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेपाच्या सोयीची चौकशी करण्यास अंगणवाडीच्या चिठ्ठीची वाट पाहूं नये. लोणी येथें प्रवरा रुग्णालयाच्या संस्थेचें भौतिकोपचार महाविद्यालय आहे, तेथेंहि विचारावें. आपली मंडळी ऊठसूट पुण्यास धांवतात. निदानासाठीं एकदां जाणें ठीक. पण हा उपचार एका भेटीचा नव्हे. सव्वाशें किलोमीटरचा प्रवास दर आठवड्यास किती दिवस झेपणार?

खरें काम घरींच होतें. मुलास न्हाऊं घालतांना पाय कसा धरावा, भरवतांना समोर बसून एकेक शब्द कसा उच्चारावा, खेळणें हातीं देण्याआधीं मुलाच्या नजरेची वाट कशी पाहावी, हें तज्ज्ञ आईबापांस शिकवितो आणि तीं दिवसांतून दहा वेळां करतात. हें सर्व चालूं करण्यास कसलें प्रमाणपत्र लागत नाहीं, कीं रोगाचें नांव ठरेपर्यंत खोळंबावें लागत नाहीं.

आणि वैद्याकडे जातांना आजोबांनीं किंवा काकांनीं पुढें होऊन बोलूं नये. मूल जेवतांना, खेळतांना कसें वागतें याचें मोबाइलवर दोन मिनिटांचें चित्रण घ्यावें, टप्प्यांच्या तारखा कागदावर लिहाव्या आणि खुर्ची आईस द्यावी.