मोगऱ्याचा दुसरा बहर

वर्षांतून एकदांच फुलणाऱ्या झाडाची वाट पाहण्यांत एक निराळी गोडी असते हें खरें. परंतु ज्या घरीं रोज सकाळीं देवपूजेस फुलें लागतात, त्या घराचें त्या गोडीवर भागत नाहीं. आमच्या पेण-रोह्याकडील जुन्या घरांच्या परसांत मोगऱ्याचें एखादें झाड बहुधा असतेंच. फाल्गुन-चैत्रांत तें भरभरून फुलतें, कांहीं दिवस सारें घर दरवळतें, आणि मग मागें पानें तेवढीं उरतात. "झाला यंदाचा मोगरा!" असें म्हणून घरचीं माणसें त्याच्याकडे पाठ फिरवितात व पूजेसाठीं बाजारांतून फुलपुडी आणूं लागतात. वस्तुतः तेंच झाड त्याच उन्हाळ्यांत पुन्हा एकदां, आणि हात जाणता असल्यास क्वचित् तिसऱ्यांदाही, फुलूं शकतें. तें कसें, आणि त्याच्या मुळाशीं कोणता नियम आहे, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

एकाच झाडापासून वर्षांत दोनदां फुलें घेण्याची हौस केवळ आपल्याकडचीच नव्हे. युरोप-अमेरिकेंत आयरिस नांवाचें एक फूलझाड फार लोकप्रिय आहे. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ इंद्रधनुष्य. फुलांच्या नाना रंगांवरून तें नांव पडलें. आपल्या देशांत तें काश्मीरांत पाहावयास मिळतें. तेथें कबरस्तानांतून तें लावण्याची जुनी चाल आहे. साधारणतः आयरिस वसंतांत एकदां फुलून थांबतें. परंतु तिकडील बागवानांनीं निवड करीत करीत अशा जाती सिद्ध केल्या आहेत कीं, त्या शरद् ऋतूंत दुसऱ्यांदा फुलतात. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. आयरिसच्या ज्या कोंबास एकदां फूल येऊन गेलें, त्यास पुन्हा कधींही येत नाहीं. दुसरें फूल येतें तें त्याच्या कुशींतून फुटलेल्या नव्या कोंबास. दोनदां फुलणाऱ्या जातींत हे नवे कोंब लवकर वयांत येतात, एवढाच काय तो भेद.

हें झाड मात्र कोंकणांत आणून उपयोग नाहीं. त्याच्या चांगल्या जातींस हिवाळ्याची कडक थंडी लागते, आणि वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पिणाऱ्या आमच्या जमिनींत त्याची गड्डी कुजून जावयाची. मोगऱ्याचा स्वभाव याच्या अगदीं उलट. अमरकोशांत मल्लिकेच्या पर्यायांत 'शीतभीरु' असें एक नांव आहे. थंडीस भिणारी ती शीतभीरु. विद्यार्थिदशेंत आम्हीं हा शब्द पाठ केला. त्याचा खरा अर्थ परसांतील झाडानें पुढें समजावून दिला. पौषांत मोगरा मुकाट्यानें उभा असतो, आणि होळीची ऊब लागतांच हालचाल करूं लागतो. एक थंडीची भुकेली, दुसरी थंडीस भ्यालेली. परंतु पुन्हा फुलण्याचा नियम दोघींचाही एकच आहे.

तो नियम असा. मोगऱ्याची कळी जुन्या लांकडास येत नाहीं. ती नव्या पालवीच्या शेंड्यास येते, आणि बहुधा तीन-तीन कळ्यांच्या झुबक्यानें येते. फुलें गळून पडलीं कीं त्या शेंड्याचें काम संपलें. आतां मोगऱ्याचीं पानें पाहा. तीं सामान्यतः समोरासमोर, जोडीजोडीनें असतात, आणि प्रत्येक पानाच्या बगलेंत एक डोळा निजलेला असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत हे डोळे सहसा जागे होत नाहींत. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात कीं, शेंड्यांत ऑक्झिन नांवाचें द्रव्य तयार होऊन खालीं उतरतें, आणि त्याच्या अमलामुळें खालचे डोळे दबून राहतात. शेंडा कापला कीं हा अंमल उठतो व कापाखालच्या जोडींतून दोन फुटी निघतात. एका फांदीच्या दोन झाल्या, म्हणजे तीन कळ्यांच्या सहा झाल्या. पाटीवर मांडून दाखवावें असें हें सोपें गणित आहे.

आपल्या शेतकऱ्यांस हें तत्त्व नवें नाहीं. संत्रें, डाळिंब, पेरू यांच्या बागांतून आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार असे तीन बहार सांगितलेले आहेत. ज्या बहाराचें फळ हवें असेल, त्याच्या अगोदर झाडाचें पाणी तोडून त्यास ताण देतात आणि मग खतपाणी घालून जागें करतात. यालाच बहार धरणें म्हणतात. मोगऱ्याचेंही तसेंच आहे. पालघर जिल्ह्यांतील विक्रमगड-जव्हाराकडचे आदिवासी शेतकरी मोगऱ्याच्या कळ्या मुंबईस दादरच्या फूलबाजारांत धाडतात, ते छाटणी व ताण यांच्या बळावरच. जें त्यांच्या शेतांत साधतें, तें आपल्या परसांत न साधण्यास कांहीं कारण नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरांत, झाडाचें पाणी पंधरा-वीस दिवस बंद ठेवावें. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं तरी घाबरूं नये. तेंच हवें असतें. नंतर धारदार कात्रीनें झाड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटावें. वाळक्या, किडक्या व काडीसारख्या बारीक फांद्या बुडाशीं कापून टाकाव्या. बुंध्याभोंवतालची माती हलक्या हातानें उकरून चार दिवस ऊन खाऊं द्यावी, मग चांगलें कुजलेलें शेणखत घमेलें-दोन घमेलीं घालून आळें बांधावें आणि पाणी सुरू करावें. थंडी ओसरतां ओसरतां पालवी फुटते व फाल्गुनांत पहिला बहर येतो.

येथपर्यंत पुष्कळ घरीं करतात. खरें काम यापुढें आहे, आणि तेंच बहुतेकांकडून राहून जातें. पहिला बहर सरतांच फुलून गेलेला प्रत्येक शेंडा दोन-तीन पानांच्या जोड्यांसह खुडून टाकावा. ही छाटणी हलकी असावी; मार्गशीर्षांतल्यासारखी खोल नसावी. लगेच शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस पाण्यांत भिजवून, तें पाणी पातळ करून आळ्यांत घालावें, आणि ओलावा टिकेल इतपतच पाणी देत जावें. अशा छाटणीपासून सुमारें महिना-दीड महिन्यानें पुन्हा कळ्या दिसूं लागतात. म्हणून आमच्या भागांत दिवसांचा हिशेब नीट ठेवावा लागतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत पाऊस धरतो, आणि पावसांत सांपडलेल्या कळ्या झाडावरच सडतात. एप्रिलच्या मध्यापूर्वीं शेंडे खुडले तर मेअखेर दुसरा बहर हातीं लागतो. मार्गशीर्षांतील छाटणी लवकर उरकलेली असेल, तर मध्यंतरीं आणखी एक लहानसा बहर साधण्याइतका अवकाश मिळतो.

इतकें करूनही मोगरा फुलत नाहीं अशी तक्रार कोठें कोठें ऐकूं येते. तिचीं कारणें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. पहिलें कारण सावली. आंब्या-फणसाखालचा मोगरा पानांनीं हिरवागार दिसतो, पण त्यास निदान पांच-सहा तास ऊन मिळाल्यावांचून कळी धरत नाहीं. दुसरें कारण अतिलाड. रोज पाणी आणि वरचेवर नत्रयुक्त खत मिळाल्यास झाड नुसतें पानांवर जातें. तिसरें कारण खारें पाणी. पेण तालुक्यांतील खारेपाटांत उन्हाळ्यांत गोड्या पाण्याची किती ओढ असते हें सर्वविदित आहे. तेथें तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी वेगळें ठेवून तेंच मोगऱ्यास घालावें. एखाद-दुसऱ्या झाडाची तहान मोठ्या कुटुंबांतील तेवढ्या पाण्यावर भागते. चौथें कारण कळी पोखरणारी अळी. कळ्या जांभळट पडून गळूं लागल्या तर त्या रोजच्या रोज वेंचून नष्ट कराव्या आणि निंबोळीचा अर्क फवारावा.

घरांतील वडील मंडळींस हिरव्या झाडास कात्री लावणें जिवावर येतें. तिन्हीसांजेस झाडास हात लावूं नये हाही आपल्याकडील जुना दंडक आहे. त्या भावनेचा आम्हांस आदर आहे, आणि ती न दुखवितां हें सर्व करतां येतें. मोगऱ्याची कळी उमलते ती सायंकाळीं. म्हणून टपोऱ्या, पांढऱ्या कळ्या तिसऱ्या प्रहरीं, उन्हें कलण्यापूर्वींच खुडून ओल्या फडक्यांत ठेवाव्या. त्या रात्रीं फडक्यांतच उमलतात. सायंकाळीं गजऱ्यास आणि सकाळीं देवघरांत दोन्हींकडे उपयोगीं पडतात. छाटणीविषयीं म्हणाल, तर ती झाडावर केलेला घाव नसून सरलेल्या शेंड्यानें डोळ्यांस करून दिलेली वाट आहे. ज्या घरांत चार पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरास ही गोष्ट अधिक सांगावी लागूं नये. फुलून गेलेल्या फांदीचा मान तिनें दिलेल्या फुलांत असतो, जागा अडवून बसण्यांत नव्हे.

पावसाळा लागला कीं मोगऱ्यास विश्रांति द्यावी. तोंवर त्याचींच भावंडें कामास येतात. जाई व जुई पावसाळ्यांत, कुंद थंडींत; आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें मोगऱ्यासह हीं सर्व एकाच कुळींतलीं. चार झाडें परसांत असलीं तर बारा महिने पांढऱ्या फुलांची ददात पडत नाहीं. कालिदासानें मेघदूतांत अलकानगरींतील स्त्रियांना निरनिराळ्या ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं ल्यावयास दिलीं आहेत. त्यांत कुंदही आहे. त्या मेघदूताचें मराठींत रूपांतर करणारे चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. १८९६ सालीं महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेल्या चिंतामणरावांचें बालपण रोह्यांत गेलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढें अर्थमंत्री म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १९१७ सालीं केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविलें होतें, हें थोड्यांच्या ध्यानांत असतें. काव्यांतील फूल आणि मातींतील फूल हीं एकाच माणसास सारखींच प्रिय असूं शकतात, याचें हें घरचें उदाहरण होय.

शेवटीं एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. आपल्या दुहेरी मोगऱ्यास बीं धरत नाहीं. तो फांदीनें किंवा दाबकलमानेंच वाढतो. याचा अर्थ असा कीं, आपल्या परसांतील मोगरा हा कोणाच्या तरी आजीच्या मोगऱ्याचाच अवयव आहे. माहेराहून आणलेली, शेजारणीनें दिलेली, अशा फांद्यांतून तो पिढ्यान् पिढ्या अखंड जिवंत राहिला आहे. पेण व रोहा येथें जुने वाडे जाऊन इमारती उभ्या राहत आहेत, आणि उरलेल्या परसांतून गाड्यांसाठीं फरशी बसत आहे. वाटण्या होतात तेव्हां भांडीकुंडीं मोजून घेतलीं जातात. मोगऱ्याची आठवण कोणास होत नाहीं, आणि एकदां बुंधा उखडला कीं ती परंपरा तेथेंच खुंटते. म्हणून ज्यांच्या घराचें पाडकाम ठरलें असेल त्यांनीं आषाढ-श्रावणांत एक लवचिक फांदी वाकवून, तिची साल किंचित् तासून, मातीखालीं दाबून ठेवावी. दोन-तीन महिन्यांत तिला मुळें फुटतात. मग ती मूळ झाडापासून तोडून कुंडींत लावावी. सज्जांत सकाळचें ऊन येत असेल तर कुंडींतला मोगराही फुलतो, आणि वर सांगितल्याप्रमाणें छाटला तर दुसऱ्यांदाही फुलतो.

यंदाच्या चैत्रांत पहिला बहर सरला म्हणजे वाचकभगिनींनीं कात्री हातीं घ्यावी, घरच्या मुलांस जवळ बोलावून पानाच्या बगलेंतील तो निजलेला डोळा दाखवावा, आणि प्रत्येकास एकेक फांदी खुडावयास द्यावी. वैशाखांत त्याच जागीं कळ्या मोजण्याचें काम तीं मुलें आपण होऊन करतील.