जुन्या लॅपटॉपवरील सुरक्षा-सूचनांची मीमांसा

दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला, मुलांनी नवा घेतल्यावर घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला आलेला आणि अद्याप कुरकुर न करता सुरू होणारा लॅपटॉप एखाद्या सकाळी विजेचे बिल भरण्यासाठी किंवा सातबाराचा उतारा पाहण्यासाठी उघडावा, आणि अपेक्षित पानाच्या जागी तांबडा त्रिकोण व त्याखाली आपले कनेक्शन खाजगी नसल्याची तंबी उमटावी, हा प्रकार आता पुष्कळ घरांतून परिचयाचा झाला आहे. अशा वेळी कोणी संकेतस्थळावर दरोडा पडला असे समजून लॅपटॉप मिटून ठेवतो, तर कोणी तळाशी बारीक अक्षरांत दिलेल्या वाटेने, कशाचीही पर्वा न करता, पुढे निघून जातो. ती सूचना मात्र दोघांपैकी कोणीच पुरती वाचलेली नसते. वस्तुतः ठळक मथळ्याखाली दोषाचे नेमके कारण सांगणारी एक सांकेतिक ओळ दिलेली असते, आणि ज्याला ती वाचता येते त्याला दोष संकेतस्थळाचा, मधल्या वाटेचा, की आपल्याच यंत्राचा, याचा निवाडा बहुतेक वेळा घरबसल्या करता येतो.

ज्या संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो ते स्थळ, आपला ब्राउझर दाराशी येताच, प्रथम स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. जुन्या दरबारी सनदेत जसे धारकाचे नाव, अंमलाची तारीख आणि देणाऱ्याची मोहोर असे, तशीच या दस्तऐवजाचीही रचना असते: स्थळाचे नाव, मुदतीचा आरंभ व अखेर, स्थळाची सार्वजनिक किल्ली, आणि या मजकुराची हमी देणाऱ्या प्रमाणन संस्थेची गणिती स्वाक्षरी. ब्राउझर त्याची शहानिशा चार कलमांवर करतो. प्रमाणपत्राची मुदत चालू आहे काय, त्यावरील नाव आणि आपण टंकलेला पत्ता यांचा मेळ बसतो काय, स्वाक्षरी करणारी संस्था विश्वासार्ह संस्थांच्या यादीपर्यंत पोहोचते काय, आणि पुढील संभाषण ज्या सांकेतिक पद्धतीने व्हावयाचे ती उभयतांना अवगत आहे काय, ही ती चार कलमे. ही सारी तपासणी आपल्या लॅपटॉपवरच होते आणि ती करताना ब्राउझर त्याच लॅपटॉपचे घड्याळ, तीच यादी आणि तेवढेच ज्ञान यांवर विसंबून असतो. म्हणून तपासणाराच कालबाह्य झाला की निर्दोष संकेतस्थळही त्याला सदोष दिसू लागते.

प्रथम घड्याळाकडे पाहावे. लॅपटॉप बंद असतानाही वेळ चालू राहावी म्हणून अनेक लॅपटॉपांच्या मदरबोर्डवर एक नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. त्याला 'सीआर २०३२' म्हणतात आणि तो मनगटी घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. काही वर्षांनी तो निकामी झाला, की लॅपटॉप प्रत्येक वेळी आपल्या निर्मितीकाळच्या एखाद्या तारखेवर परत जातो, आणि मग आज सादर झालेले प्रमाणपत्र त्याच्या लेखी कित्येक वर्षांनंतर अंमलात यावयाचे असते. अशा वेळी क्रोममध्ये 'सर्ट डेट इनव्हॅलिड' ही अक्षरे दिसतात, किंवा आपले घड्याळ मागे असल्याचे ब्राउझर सरळच सांगतो. एकाच वेळी सगळीच संकेतस्थळे रुसली, तर संशय प्रथम घड्याळावर घ्यावा. तारीख, साल आणि वेळ तर तपासावीच, शिवाय कालक्षेत्रही तपासावे. कारण पडद्यावरील काटे बरोबर दिसत असूनही कालक्षेत्र अमेरिकेतील पॅसिफिक किनाऱ्याचे राहिले असेल, तर यंत्राच्या हिशेबात बारा-तेरा तासांची चूक पडलेली असते. इंटरनेटवरून वेळ जुळविण्याची सोय विंडोजमध्ये आहे. परंतु घरगुती संगणकावर ती सामान्यतः पंधरा तासांपर्यंतचाच फरक स्वतःहून दुरुस्त करते, म्हणून घड्याळ वर्षानुवर्षे मागे गेले असेल तर तारीख आधी हाताने घालावी लागते आणि मगच ती सोय उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी चूक पुन्हा उद्भवली, तर सेल बदलून घेणे हाच उपाय.

घड्याळाची ही शिस्त पुढे अधिकच कडक होणार आहे. १ सप्टेंबर २०२० पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत ३९८ दिवसांहून अधिक असू नये असा दंडक ब्राउझर बनविणाऱ्यांनी घातला. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर-निर्माते व प्रमाणन संस्था यांच्या मंडळाने ही कमाल मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस करण्याचा ठराव संमत केला. मुदत जितकी तोकडी, तितकी घड्याळाची लहान चूकही महाग पडणार.

दुसरे कलम नावाचे. त्यात जुन्या लॅपटॉपचा अपराध क्वचितच असतो. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असे दिसल्यास पत्ता टंकताना अक्षर चुकले नाही ना, हे पाहावे. रेल्वे स्थानकावरील किंवा हॉटेलातील वायफाय असेल, तर त्या जाळ्याचे प्रवेशपान मध्ये आडवे येऊन अशीच सूचना उमटवू शकते. तेथील रीतसर प्रवेश पूर्ण केल्यावर ती नाहीशी होते. एरवी दोष संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाचा, आणि त्याने तो दूर करीपर्यंत थांबणे इष्ट.

खरी गुंतागुंत तिसऱ्या कलमात आहे. जगातील असंख्य संकेतस्थळांची प्रमाणपत्रे शेवटी काही मोजक्या 'मूळ' प्रमाणपत्रांवर आधारलेली असतात, आणि या मूळ प्रमाणपत्रांची यादी यंत्रात किंवा ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली असते. या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. जुनी जातात, नवी येतात, आणि ज्या यंत्राला नवी यादी पोहोचत नाही ते आजच्या मोहोरा ओळखेनासे होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी याचे मोठे प्रत्यंतर आले. विनामूल्य आणि त्या वेळी केवळ ९० दिवसांची प्रमाणपत्रे देणाऱ्या 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेने आरंभी 'डीएसटी रूट सीए एक्स ३' या जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला होता. त्याची मुदत त्या दिवशी संपली आणि संस्थेचे स्वतःचे 'आयएसआरजी रूट एक्स १' हे मूळ प्रमाणपत्र ज्यांच्या यादीत नव्हते अशा यंत्रांवर, विशेषतः १०.१२.१ या आवृत्तीपूर्वीच्या मॅक प्रणालींवर, पूर्वी विनातक्रार उघडणारी स्थळे एकाएकी अविश्वसनीय ठरू लागली. स्थळे तीच होती, त्यांचे चालकही तेच होते. यंत्राची नोंदवही तेवढी जुनी राहिली होती.

येथे 'सर्ट अथॉरिटी इनव्हॅलिड' ही ओळ दिसते. विंडोजवर उपाय असा, की प्रणालीची उपलब्ध असलेली सर्व अद्यतने आधी पूर्ण करावीत. कारण विंडोज लागेल तसे नवे मूळ प्रमाणपत्र स्वतःच मागवून घेते, आणि ही व्यवस्था बंद पडलेली असली तर यादी जागच्या जागी गोठते. जेथे प्रणालीचे अद्यतनच थांबले आहे, तेथे फायरफॉक्स उपयोगी पडतो, कारण तो प्रणालीच्या यादीवर अवलंबून न राहता स्वतःची यादी बरोबर बाळगतो. तथापि ब्राउझरही म्हातारा होतोच: १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिलाचे एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि फायरफॉक्सच्या १२८ पूर्वीच्या आवृत्त्यांत, दीर्घकालीन शाखेची ११५.१३ व तीनंतरची अद्यतने वगळता, जोड-सुविधांसारख्या गोष्टी बिघडण्याचा संभव निर्माण झाला.

यादीत नवे नाव घालणे ही मात्र कोणाही येरागबाळ्याच्या सल्ल्याने करण्याची गोष्ट नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र निघाले, त्याचा प्रयोग इराणमधील लोकांवर झाला, आणि ब्राउझरांनी विश्वास काढून घेताच त्या संस्थेचे दिवाळे वाजले. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले आणि भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी त्या यंत्रणेची मध्यस्थ प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. भारतीय मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, फायरफॉक्सच्या नव्हते. म्हणून धोका विंडोजच्या यादीवर चालणाऱ्या ब्राउझरांना होता आणि फायरफॉक्स त्यातून वाचला. यादीतील एकेका नावाला किती वजन असते, ते यावरून ध्यानात यावे.

जुना लॅपटॉप वापरणाऱ्याने आणखी एका प्रकरणाची माहिती ठेवावी. २०१४ च्या उत्तरार्धात विकल्या गेलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचा जाहिराती घुसविणारा प्रोग्रॅम कारखान्यातूनच आला होता. त्याने यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते, आणि सर्व यंत्रांत एकच गुप्त किल्ली असल्याने ती हाती लागलेल्या कोणालाही त्या लॅपटॉपांपुढे वाटेल त्या स्थळाचे सोंग आणता आले असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये गवगवा झाल्यावर कंपनीने तो काढून टाकण्याचे साधन दिले. परंतु माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रात तो अजून असू शकतो. काही अँटिव्हायरसही तपासणीच्या निमित्ताने याच धर्तीवर ब्राउझर आणि स्थळ यांच्या मध्ये उभे राहतात, आणि त्यांचे नूतनीकरण थांबले की त्यांची मध्यस्थीच सूचनांचे कारण होते. असा मुदत संपलेला अँटिव्हायरस पूर्णपणे काढून मग पुन्हा पाहावे.

चौथे कलम संभाषणाच्या पद्धतीचे. 'टीएलएस' नावाच्या या पद्धतीची १.० ही आवृत्ती १९९९ मधील, १.१ ही २००६ मधील, १.२ ही २००८ मधील आणि १.३ ही २०१८ मधील. पहिल्या दोहोंत सुरक्षेच्या उणिवा आढळल्याने प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये त्यांना रजा देण्यास आरंभ केला आणि संकेतस्थळांनीही त्यांचा वापर सोडला. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर पहिलीच आवृत्ती जाणतो. त्याला आजचे बँकेचे संकेतस्थळ दार उघडणार नाही, मग घड्याळ कितीही बिनचूक असो. 'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' ही अक्षरे या दुराव्याची निदर्शक होत, आणि त्यांवर नवा ब्राउझर हाच उपाय.

परंतु नवा ब्राउझर तरी कोठवर चालणार? एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ व ८.१ वर क्रोमची १०९ ही अखेरची आवृत्ती, आणि फायरफॉक्सची ११५ ही अखेरची शाखा. लॅपटॉपचे अंग धड असेल, प्रोसेसर ६४ बिटांचा असेल आणि चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली घालून त्याला चालू काळाची यादी, चालू ब्राउझर आणि टीएलएसची नवी आवृत्ती ही तिन्ही एकदम देता येतात. मात्र त्याआधी छायाचित्रे व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. इतकेही करणे शक्य नसेल, तर तो लॅपटॉप लेखनाला, जुनी छायाचित्रे पाहण्याला आणि गाणी ऐकण्याला ठेवावा, पैशाच्या व्यवहाराला ठेवू नये.

सूचना ओलांडून पुढे जाण्याविषयी नियम कडक असावा. घरातल्या राऊटरचे व्यवस्थापनाचे पान स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र लिहिते, म्हणून तेथे अशी सूचना स्वाभाविक असते आणि आपल्याच जाळ्यात असताना ती ओलांडण्यास हरकत नाही. बँक, आयकर, निवृत्तिवेतन, टपाल यांच्या बाबतीत मात्र ती कधीही ओलांडू नये. पुष्कळ मोठी स्थळे ब्राउझरला तशी ताकीद आगाऊ देऊन ठेवतात, आणि मग पुढे जाण्याची वाटच दाखविली जात नाही. त्याचबरोबर सूचना आली नाही म्हणून स्थळ प्रामाणिक ठरत नाही, कारण लबाडाच्या संकेतस्थळालाही त्याच्या स्वतःच्या नावाचे रीतसर प्रमाणपत्र मिळू शकते. प्रमाणपत्र नावाची खातरजमा करते, हेतूची नाही. तेव्हा वाचकांनी सूचना दिसताच प्रथम तिच्यातील सांकेतिक ओळ आणि लॅपटॉपवरील तारीख कागदावर उतरवून घ्यावी, तेच स्थळ मोबाइलवर उघडते काय ते पाहावे, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा. मोबाइलवर उघडले, तर दोष बहुधा लॅपटॉपचा. दुरुस्ती होईतोवर बँकेचे काम मोबाइलवर किंवा शाखेत जाऊन करावे.