कादंबरीमालेचा शेवट आणि वाचकाचा निवाडा

एखादी स्वतंत्र कादंबरी वाचून बाजूला ठेवणारा वाचक आणि बारा वर्षे एकाच कादंबरीमालेच्या सोबतीने राहिलेला वाचक, या दोघांची मते एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिल्याचे मत एका कृतीविषयी असते. दुसऱ्याचे मत एका सहवासाविषयी असते, आणि सहवासाविषयीची मते क्वचितच थंड डोक्याने दिली जातात. अमेरिकन लेखिका शार्लेन हॅरिस यांनी सूकी स्टॅकहाउस या नायिकेभोवती रचलेली १३ कादंबऱ्यांची माला या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २००१ साली ‘डेड अन्टिल डार्क’ या कादंबरीने तिचा आरंभ झाला आणि २०१३ च्या मे महिन्यात ‘डेड एव्हर आफ्टर’ने समाप्ती. शेवटचा भाग विक्रीस येण्यापूर्वीच त्यातील कथानक फुटले, वाचकांच्या एका मोठ्या गटाने उघड संताप व्यक्त केला, आणि लेखिकेला धमक्या आल्याचेही त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. नायक-नायिकेच्या भवितव्यावरून वाचकवर्ग लेखकावर उलटल्याचे हे काही पहिले उदाहरण नव्हे. १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला दरीत लोटणाऱ्या कॉनन डॉयल यांना १९०३ मध्ये त्याला परत आणावे लागले होते. परंतु होम्सच्या वाचकांची तक्रार नायक नाहीसा झाल्याची होती. सूकीच्या वाचकांची तक्रार नायिकेने निवड चुकीची केली अशी होती. हा फरक लहान नाही.

कथेची मांडणी थोडक्यात अशी. लुइझियाना राज्याच्या उत्तर भागातील बॉन टेम्प्स या कल्पित गावी, मर्लॉट्स नावाच्या मद्यगृहात सूकी वाढण्याचे काम करते. इतरांच्या मनातील विचार तिला ऐकू येतात. ही देणगी तिला वरदान वाटत नाही, व्यंग वाटते. जपानी शास्त्रज्ञांनी कृत्रिम रक्त तयार केल्यामुळे व्हॅम्पायर या जातीला आता लपून राहण्याचे कारण उरलेले नाही, आणि ते नागरिक म्हणून उघडपणे वावरू लागले आहेत, हे मालेचे गृहीत होय. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला बिल कॉम्प्टन हा असाच एक व्हॅम्पायर आपल्या जुन्या घरी राहावयास येतो, आणि त्याचे मन सूकीला ऐकू येत नाही. ज्याच्या सहवासात शांतता मिळते असा पहिला पुरुष तिला भेटतो, तो मेलेला असतो.

‘व्हॅम्पायर’ हा शब्द येथे तसाच ठेवला आहे, त्यास कारण आहे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत मांडताना ‘वेताळ’ या शब्दासाठी ‘व्हॅम्पायर’ वापरला, आणि तेव्हापासून या दोन शब्दांची सांगड घालण्याची सवय लागली. परंतु वेताळ प्रेतात वस्ती करतो, राजाला कोडी घालतो, आणि उत्तर मिळताच झाडाकडे परततो. रक्तपान हा त्याचा व्यवच्छेदक धर्म नव्हे. मराठीतील ‘मुंजा’सारख्या शब्दामागे तर अपुऱ्या राहिलेल्या संस्काराची एक विशिष्ट हकिकत उभी असते. स्लाव्ह भाषांतील मूळ शब्द १७३० च्या दशकात सर्बियातून आलेल्या अहवालांबरोबर पश्चिम युरोपात पसरला, तेव्हा त्याचा वाच्य खेड्यातील फुगलेले, कबरीतून उठणारे प्रेत हा होता. १८१९ मध्ये पॉलिडोरी यांनी त्याला उमराव बनविले, १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर यांनी त्याला लंडनला आणले, आणि १९७६ मध्ये अ‍ॅन राइस यांनी त्याला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. हॅरिस यांनी त्याला शेजारी केले. बिलला घराच्या दुरुस्तीसाठी कारागीर हवे असतात, आणि रात्रीच भेटू शकणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कारागीर फिरकत नाहीत, ही अडचण पहिल्याच कादंबरीत येते. अर्थाच्या दृष्टीने पाहता एका भयसूचक नामाचे सामाजिक वर्गनामात झालेले हे रूपांतर होय. त्यात अमेरिकेतील समलिंगी व्यक्तींच्या हक्कलढ्याचे रूपक अनेकांनी पाहिले आहे. रूपक आहे हे खरे. पण ते शेवटपर्यंत नेता येत नाही, कारण या कथांतील व्हॅम्पायर खरोखरच माणसे मारतात.

हॅरिस मूळच्या रहस्यकथालेखिका. ऑरोरा टीगार्डन या ग्रंथपाल नायिकेची त्यांची माला १९९० मध्येच सुरू झाली होती. रहस्यकथेत निवेदकालाच परचित्तज्ञान देणे म्हणजे खुनाचा उलगडा पहिल्या प्रकरणात करून टाकण्यासारखे होय. ही अडचण त्यांनी ज्या रीतीने सोडविली ती पाहण्यासारखी आहे. सूकीला वाक्ये ऐकू येत नाहीत, तुकडे ऐकू येतात. रूप पालटणाऱ्या लोकांची मने तिला धूसर लागतात. व्हॅम्पायरांची मुळीच लागत नाहीत. आणि माणसे स्वतःच्या अपराधाचा विचार पूर्ण वाक्यांत करीत बसत नाहीत, हे तर कोणत्याही भाषाभ्यासकाला पटावे. पहिल्या कादंबरीत सूकीच्या आजीचा खून होतो. गाव संशयाने व्हॅम्पायराकडे पाहते. खुनी मात्र रोज मद्यगृहात येणारा, सूकीने ज्याला हजार वेळा वाढले आणि ज्याच्या मनाचा गलबला इतके दिवस तिच्या कानी पडत होता, असा गावातीलच माणूस निघतो. ऐकू येणे आणि कळणे यांतील अंतरावर संपूर्ण मालेचे रहस्य उभे आहे.

दीर्घकाळच्या वाचकांना या मालेत काय आवडले असे विचारले, तर कथानकाहून आधी सूकीचे बोलणे पुढे येते. सर्व कादंबऱ्या तिच्याच मुखाने सांगितलेल्या आहेत. ती महाविद्यालयात गेलेली नाही; ‘रोज एक शब्द’ देणारी एक दिनदर्शिका तिच्याजवळ असते, आणि तिच्यातील नवा शब्द ती दिवसाकाठी कुठे तरी वापरून पाहते. दक्षिणेकडील गावंढळ बोलीच्या प्रवाहात मधेच एक ग्रांथिक शब्द चमकतो. तो किंचित अवघडलेला असतो, कधी ती त्यावर स्वतःच हसते. लेखिका शब्दसंपत्तीचे प्रदर्शन करीत नाही. आपल्या वर्गाने आखून दिलेली भाषेची सीमा एक बाई रोज एका शब्दाने ओलांडते आहे, एवढेच दाखविते. समीक्षकांच्या दृष्टीतून निसटलेली ही गोष्ट सामान्य वाचकांनी अचूक टिपली आहे.

शीर्षकांचेही असेच. सर्व १३ शीर्षकांत ‘डेड’ हा शब्द आहे, आणि त्यांतील बहुतेक रूढ वाक्प्रयोगांवरील श्लेष आहेत. ‘डेड अ‍ॅज अ डोअरनेल’ म्हणजे दाराच्या खिळ्याइतका निर्जीव. ‘डेड रेकनिंग’ ही नौकानयनातील संज्ञा. ‘डेडलॉक्ड’ म्हणजे कोंडी झालेला. इंग्रजीत हे विशेषण अतिशयत्वदर्शकही आहे: पुरता थकलेला, पक्का खात्रीचा, अशा अर्थच्छटा ते सहज देते. मराठीत हे काम विशेषणाकडे नसून क्रियापदाकडे आहे. ‘मरमर करणे’, ‘मेल्याहून मेले होणे’ हे प्रयोग घेतले तरी शीर्षकांची अशी साखळी मराठीत ओवता येणार नाही.

मालेच्या प्रत्येक भागात काही परिच्छेद पुनरुक्तीचे असतात. सूकी कोण, तिला काय ऐकू येते, कृत्रिम रक्त केव्हा आले, एरिक नॉर्थमन हा हजार वर्षांहून जुना व्हायकिंग व्हॅम्पायर श्रीव्हपोर्टमध्ये मद्यगृह चालवितो, हे पुन्हा पुन्हा सांगितले जाते. नियमित वाचकाची ही नेहमीची तक्रार. प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी, विशेषतः माथेझिउस यांनी, वाक्यातील ज्ञात अंश आणि नवा अंश यांचा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. एकच परिच्छेद नव्या वाचकाला नवा आणि जुन्याला ज्ञात असतो. मालालेखकाला दोघांशी एकाच वाक्याने बोलावे लागते. हॅरिस यांनी यावर योजलेला उपाय म्हणजे ज्ञात माहिती सांगताना सूकीचा सूर पालटणे. दुसऱ्या भागात बिलविषयी ज्या कौतुकाने ती बोलते, त्या कौतुकाने सातव्यात बोलत नाही. माहिती तीच, वृत्ती वेगळी. वरवर वाचणाऱ्याला पुनरुक्ती वाटते. लक्षपूर्वक वाचणाऱ्याला कालमापन.

कालमापनाची गरजही आहे, कारण प्रकाशनाची १२ वर्षे उलटली तरी कथेतील काळ दोन-तीन वर्षांहून फारसा पुढे सरकत नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅट्रिना वादळाने न्यू ऑर्लीन्स उद्ध्वस्त केले. २००६ च्या कादंबरीतील न्यू ऑर्लीन्स वादळापूर्वीचे आहे. २००७ च्या ‘ऑल टुगेदर डेड’मध्ये लुइझियानाच्या व्हॅम्पायर राणीची सत्ता वादळामुळे खिळखिळी झालेली दाखविली आहे. घडलेली आपत्ती कल्पित राज्याच्या राजकारणात इतक्या सहजपणे मुरविणे हे मालेच्या मधल्या भागाचे बळ होय.

याच सुमारास वाचकांचा विश्वास पहिल्यांदा डळमळला, तोही कारणाशिवाय नव्हे. सहाव्या भागात, ‘डेफिनिटली डेड’मध्ये, असे उघड होते की बिल बॉन टेम्प्सला आपण होऊन आलाच नव्हता, सूकीला वश करून घेण्यासाठी राणीने त्याला पाठविले होते. या एका वाक्याने मागील पाच कादंबऱ्यांचा अर्थ बदलतो. काहींनी याला फसवणूक म्हटले. ती फसवणूक नव्हे. पूर्वी दिलेल्या घटना तशाच ठेवून त्यांचा हेतू बदलणे हा रहस्यकथेचा जुना हक्क आहे, आणि सूकीला बिलचे मन ऐकू येत नाही ही सूचना लेखिकेने पहिल्याच भागात देऊन ठेवली होती. ज्या शांततेवर सूकी भाळली, त्याच शांततेआड हे कपट लपले होते. नंतरच्या भागांत परी, चेटकिणी, राक्षस, चित्त्याचे रूप घेणारे लोक अशी जी गर्दी झाली, तिच्याविषयीची तक्रार मात्र मान्य करावी लागते. नव्या जातीबरोबर नवे नियम येतात, आणि नियम वाढत गेले की वाचकाला अनुमान करता येत नाही. अनुमान नाही तेथे रहस्य नाही.

आता शेवटाविषयी. वाचकवर्ग ज्या बाजूंत विभागला होता, त्यांतील सर्वांत मोठी बाजू एरिकची होती. चौथ्या भागात चेटकिणीच्या शापाने स्मृती गमावलेला एरिक सूकीच्या घरी आश्रयाला येतो. दर्प गळून पडलेला हा पुरुष वाचकांच्या मनात घर करून राहिला. परंतु अखेरीस एरिकला ओक्लाहोमाच्या राणीशी झालेल्या करारामुळे २०० वर्षांसाठी जावे लागते, आणि सूकीच्या आयुष्यात राहतो तो मद्यगृहाचा मालक, कुत्र्याचे रूप घेऊ शकणारा सॅम मर्लॉट. बाराव्या भागात सूकीजवळ परीवंशातून आलेली, एकच इच्छा पुरविणारी वस्तू असते. एरिकची अपेक्षा अशी की तिने ती त्याच्या सुटकेसाठी वापरावी. सॅम डोळ्यांदेखत मरतो तेव्हा, क्षणाचाही विचार न करता, ती सॅमसाठी वापरते.

रागावलेल्या वाचकांचे म्हणणे असे की हे एकदम घडले, याची तयारी नव्हती. ग्रंथांतर्गत पुरावा या म्हणण्याच्या विरुद्ध आहे. सूकीला ऊन आवडते. अंगणात उन्हात पडून राहणे हा तिचा आवडता विसावा आहे, हे सतत येते. आतेबहिणीच्या परचित्तज्ञ मुलाला ती जवळ घेते, तेव्हा तिला काय हवे आहे ते लपून राहत नाही. व्हॅम्पायर ऊन देऊ शकत नाही, मूलही देऊ शकत नाही. मग इतक्या वाचकांच्या नजरेतून हे कसे निसटले? याचे कारण बहुधा वाङ्मयप्रकारात आहे. रहस्यकथेचा प्रश्न प्रत्येक भागाअखेर सुटतो. प्रेमकथेचा प्रश्न पुढे ढकलला जातो. त्यामुळे भागामागून भाग जिवंत राहणारा प्रश्न एकच उरतो: सूकी कोणाची? दोन भागांच्या मधल्या वर्षात वाचक खुनी आठवत बसत नाही, हाच प्रश्न घोळवितो. पाहता पाहता रहस्यमालेचे वाचन प्रेमकथेचे वाचन होते, आणि प्रेमकथेतील सर्वांत उत्कट पुरुष हाच योग्य पुरुष, हा त्या प्रकाराचा संकेत वाचक लेखिकेवर लादतो. लेखिकेने तो संकेत कधी स्वीकारला नव्हता. तरीही वाचकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेवटच्या भागात सॅम आणि सूकी यांच्यातील प्रसंग फार थोडे आणि कोरडे आहेत. निवड पटण्याजोगी आहे, पण तिचे चित्रण हात राखून केलेले आहे. जे बारा भागांत पेरले, ते तेराव्यात पुरेसे उगवलेले दिसत नाही.

२०१३ मध्येच हॅरिस यांनी ‘आफ्टर डेड’ हे लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पात्रांचे पुढे काय झाले ते वर्णानुक्रमे, कोशातील नोंदींप्रमाणे दिले आहे. अनेक वाचकांना ते तुटपुंजे वाटले, आणि ते स्वाभाविक आहे. कोशात नोंदी असतात, निवेदकाचा आवाज नसतो, आणि वाचक ज्या आवाजासाठी १२ वर्षे थांबला तोच त्यात नाही. याच कथांवर आधारलेली ‘ट्रू ब्लड’ ही दूरचित्रवाणीमालिका २००८ ते २०१४ अशी चालली. तिने कादंबऱ्यांपासून पुष्कळ फारकत घेतली. दुसऱ्या कादंबरीच्या आरंभीच मेलेला लाफायेत हा स्वयंपाकी मालिकेत अखेरपर्यंत जिवंत राहिला. शेवटच्या भागात सूकी गरोदर आहे, घरी पाहुणे जमले आहेत, शेजारी तिचा नवरा आहे. त्याचा चेहरा प्रेक्षकांना दाखविलेला नाही.