गाडीतला चिकट गम काढायचंय? आधी जागा ओळखा, मग बाटली उचला



कार वॉशिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, डॅशबोर्डवर डबल टेपचा गम राहतो, तो कशाने काढायचा? एखादं जबरदस्त केमिकल सांगा ना." व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. वॉशिंग सेंटर सुरू करून मला तीनच महिने झाले होते. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरने दोन गाड्या आतून साफ करायला दिल्या. एका गाडीत गिअरजवळच्या चकचकीत काळ्या पॅनेलवर मोबाइल होल्डरचा गम होता. शेजारच्या पेंटरकडून वाटीभर थिनर आणला, कापडावर घेतला आणि जोर लावून पुसलं. गम गेला. त्याच्याबरोबर चकाकीही गेली. तिथे पांढरट, खरखरीत डाग पडला. तो पुसून जाणार कसा? तो डाग नव्हताच, प्लास्टिकच विरघळलं होतं. नवीन पॅनेलचे पैसे माझ्या खिशातून गेले, दोन्ही गाड्यांची मजुरी त्यातच संपली. गाडी दोन दिवस अडकली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हा कळलं की या कामात गम काढणं अवघड नाही. गम कशावर बसलाय हे ओळखणं अवघड आहे, आणि कस्टमर आपल्याला पैसे त्याचेच देतो.

टेपचा गम हा फेविकॉलसारखा वाळून कडक होत नाही. तो कायम मऊ आणि चिकट राहावा म्हणूनच बनवलेला असतो. टेप निघते, गमचा थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते आणि तो काळा दिसायला लागतो. उन्हात उभ्या गाडीत तो आणखी पसरतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी तो पटकन सुटतो हे खरं. पण बऱ्याचशा थिनरमध्ये आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, आणि गाडीतले चकचकीत भाग बहुतेक वेळा ज्या एबीएस प्लास्टिकचे असतात ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. पेट्रोल आणि रॉकेल तर बंद गाडीत आणूच नका. वास आठवडाभर जात नाही आणि आगीचा धोका आहेच.

मग करायचं काय? सौम्यपासून सुरुवात. हेअर ड्रायर मध्यम गरमवर ठेवून गम अर्धा-एक मिनिट कोमट करा आणि अंगठ्याने एका दिशेने चोळा. बराचसा गम गोळी होऊन निघतो, अजिबात खर्च नाही. राहिलेल्यावर खोबरेल तेलाचा बोळा १०-१५ मिनिटं ठेवा. तेल गमच्या खाली शिरतं आणि त्याची पकड सुटते. मग जुन्या एटीएम कार्डच्या कडेने हलकेच खरवडा आणि साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने तेल पूर्ण पुसा. तेल राहिलं तर दोन दिवसांत तिथे धूळ बसते आणि कस्टमर म्हणतो, "डाग परत आला."

एवढ्यानेही नाही गेलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे केमिकलच्या दुकानात ज्याला आयपीए म्हणतात ते. ते कापडावर घ्यायचं, गाडीवर फवारायचं नाही. चारही दारं उघडी, इग्निशन बंद, आजूबाजूला बिडी-सिगारेट नाही. आणि लावायच्या आधी न दिसणाऱ्या जागी तपासायचं: ग्लव्ह बॉक्सच्या आत किंवा स्टिअरिंगच्या खाली. कापडावर गाडीचा रंग उतरला तर तिथेच थांबा. तयार ॲडहेसिव्ह रिमूव्हर आणलात तरी ही तपासणी चुकवू नका.

आता जागा. डॅशबोर्डचा खडबडीत, मॅट भाग त्यातल्या त्यात सोपा. फक्त तिथे कार्ड जोरात चालवलं की चमकदार ओरखडा उमटतो, म्हणून मऊ ब्रश वापरा. मीटरची काच ही काच नसतेच, पारदर्शक प्लास्टिक असतं. तिथे स्पिरिटही नको, बारीक तडे जाऊ शकतात. टचस्क्रीनवर ओलसर मायक्रोफायबर, बस. छताच्या कापडावर जास्त काळजी घ्या. ते कापड फोमवर चिकटवलेलं असतं. तुम्ही वरून केमिकल ओतलं तर आतला चिकटवणारा थरही सुटतो आणि छत लोंबायला लागतं. तिथे जवळपास कोरड्या कापडाने टिपत राहायचं, घासायचं नाही. सीटच्या कापडावर च्युइंगम असेल तर उलटं करा: पिशवीत बर्फ घेऊन ते कडक करा आणि तुकडे काढा.

काचेचं काम सगळ्यात जास्त येतं, आणि ते येतच राहणार. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा फिल्म काढायला गाड्यांची रांग लागली होती. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी विकली, टॅग बदलला की पुढच्या काचेवर आतून गमचा चौकोन राहतो. पुढची काच साधी असते, साबणपाणी मारून नवीन ब्लेड तिरकं धरून चालवलं तर पाच मिनिटांत साफ. पण हीच सवय मागच्या काचेवर नेऊ नका! तिथे आतल्या बाजूला डिफॉगरच्या बारीक आडव्या रेघा असतात. ब्लेडने एक रेघ तुटली की ती तापत नाही, आणि हे पावसाळ्यात कस्टमरच्या लक्षात येतं. तिथे फक्त तेल किंवा आयपीए, आणि हात रेघेच्या दिशेने.

एक केस अशी येईल जिथे गम नसतोच. काही जुन्या, विशेषतः महागड्या गाड्यांत बटणं आणि दाराची हँडल हाताला चिकट लागतात. कस्टमर म्हणतो, "मुलांनी काहीतरी सांडलंय." तसं नसतं. त्या भागांवर मऊ रबरी कोटिंग असतं आणि वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन तेच खराब होतं. ते साफ होत नाही, काढावंच लागतं. काढताना बटणांवरची चिन्हं आणि अक्षरंही जाऊ शकतात. हे आधी सांगितलं तर तुम्ही जाणकार, नंतर सांगितलं तर तुम्ही गुन्हेगार.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती. मूर्ती आपण उपटायची नाही. गम कोमट करून, खालून दोरा फिरवून सोडवायची आणि कस्टमरच्या हातात द्यायची. परत बसवायला सांगितलं तर एअरबॅग लिहिलेली जागा सोडून. एअरबॅग उघडली तर वर चिकटवलेली कुठलीही वस्तू माणसाच्या अंगावर येते. हे शांतपणे सांगा, कोणी वाईट मानत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण इथेच नवीन मुलं फसतात. फोनवर रेट सांगू नका. "फोटो पाठवा" म्हणा, आणि फायनल रेट गाडी बघून. समजा काम करणाऱ्या मुलाचा रोज ६०० रुपये आहे. सगळ्या काचांचा फिल्मचा गम काढायला अर्धा दिवस गेला, म्हणजे मजुरी ३००. आयपीए, ब्लेड, कापड १००. जागेचं भाडं आणि लाइटबिल यांचा वाटा १५०. झाले ५५०. तुम्ही ६०० घेतले तर ५० रुपयांसाठी दुसऱ्याच्या गाडीची जोखीम घेतलीत. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे टाका. एका छोट्या डागाचे वेगळे पैसे मागू नका, कस्टमर घरी जाऊन खोबरेल लावेल. तो इंटिरिअर क्लीनिंगच्या पॅकेजमध्ये घ्या. जुन्या गाड्यांच्या डीलरकडे मात्र हे काम रोजचं असतं, त्यांच्याशी गाडीमागे रेट ठरवा.

गाडी हातात आली की आधी मोबाइलवर फोटो काढा, कस्टमरसमोर. टेपखालचं प्लास्टिक बऱ्याचदा मूळ रंगाचं राहतं आणि आजूबाजूचं उन्हाने फिकं पडतं. गम पूर्ण निघाला तरी तिथे चौकोन दिसतो, आणि तो तुमच्या हाताने झाला नाही हे फोटोशिवाय पटवता येत नाही. मी जॉब कार्डवर एक ओळ छापून घेतली आहे: "टेपखालील रंगफरक राहू शकतो." कस्टमरची सही त्याच्याच खाली घेतो.