दाराची विजेची घंटा

आपल्या वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांस भक्कम दरवाजा असे आणि त्या दरवाजास लोखंडी कडी असे. आलेल्या माणसानें कडी वाजवावी, आंतून “कोण आहे?” असा प्रश्न यावा, आणि मग आगळ सरकावी, असा शिरस्ता होता. पुढें घराभोंवतीं अंगण व कुंपण आलें, फाटक दूर गेलें, आणि कडीचा आवाज माजघरापर्यंत पोंचेनासा झाला. तिच्या जागीं विजेची घंटा आली. परंतु कडी वाजवून कोणास इजा झाल्याचें ऐकिवांत नाहीं. विजेच्या घंटेविषयीं तसें निःशंकपणें म्हणतां येत नाहीं.

माझी धाकटी बहीण अकोल्यास राहते. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत पावसाची झड लागली असतां माझा भाचा शाळेंतून भिजत आला, आणि फाटकाच्या खांबावरील बटण दाबतांच धक्का बसून मागें चिखलांत पडला. सुदैवानें बोटें बधिर होण्यावरच निभावलें. बटण उघडून पाहिलें तों आंत पाणी शिरलेलें, आणि दिव्यापंख्यांस जो 230 व्होल्टांचा दाब लागतो तोच थेट त्या बटणापर्यंत नेलेला! यांत कोणी जगावेगळें कांहीं केलें होतें असें नव्हे. आपल्याकडील पुष्कळ घरांत अशीच जोडणी असते. “दादा, आतां घंटा वाजली कीं माझ्याच छातींत धडकी भरते,” असें बहीण म्हणाली, तेव्हां ही जोडणी बदलावयाची असें मीं ठरविलें.

प्रथम घंटेची रचना पाहूं. लोखंडाच्या दांड्याभोंवतीं तांब्याच्या वेष्टित तारेचें वेटोळें घालून त्यांतून प्रवाह सोडला कीं तो दांडा चुंबक बनतो. प्रवाह थांबला कीं चुंबकत्व जातें. जुन्या तऱ्हेच्या घंटेंत हा चुंबक एका हातोडीस ओढतो व टोला पडतो. परंतु हातोडी हलतांच तिच्याच हालचालीनें प्रवाहाचा मार्ग तुटतो, स्प्रिंग तिला परत आणते, मार्ग पुनः जुळतो, आणि बटण दाबलेलें असेपर्यंत हें चक्र चालतें. म्हणून ती घणघणते. दोन सुरांच्या घंटेंत, जिला बाजारांत चाइम म्हणतात, वेटोळ्याच्या पोकळींत एक लोखंडी दांडी असते. बटण दाबतां ती एका धातूच्या पट्टीवर आदळते. बटण सोडतां स्प्रिंगच्या जोरानें उलट येऊन दुसरीवर आदळते. दाबण्याचा एक सूर, सोडण्याचा दुसरा.

सन 1831 मध्यें अमेरिकेंतील ऑल्बनी येथें जोसेफ हेन्री यानें मैलाहून अधिक लांब तारेंतून प्रवाह पाठवून घंटा वाजवून दाखविली. तो त्या वेळीं एका शाळेंत शिक्षकच होता! त्याच्याजवळ विजेचें कारखानदारी केंद्र नव्हतें, साध्या विद्युत्घटांवर त्याचें काम भागलें. सन 1866 मध्यें लक्लांशे यानें काढलेला घट तर केवळ दीड व्होल्टाच्या सुमाराचा. असे थोडे घट जोडून पुढें घरोघरच्या घंटा वाजत असत. तात्पर्य, घंटेस मुळांत 230 व्होल्टांची गरजच नाहीं.

मग दाब उतरवावा कसा? त्यासाठीं लहानसा ट्रान्सफॉर्मर मिळतो. एकाच लोखंडी गाभ्यावर तारेचीं दोन वेटोळीं असतात. पहिल्यास 2300 वेढे व दुसऱ्यास 80 असले, तर 230 व्होल्टांचे सुमारें 8 व्होल्ट होतात. आपली वीज सेकंदास 50 आवर्तनें करणारी असल्यामुळें हें साधतें. पारसच्या विद्युत्केंद्रांत दाब चढविण्यास जें तत्त्व उपयोगी पडतें, तेंच येथें दाब उतरविण्यास. शिवाय दोन्ही वेटोळीं एकमेकांस तारेनें जोडलेलीं नसल्यामुळें फाटकाकडील तार मुख्य विजेपासून वेगळी राहते.

जोडणीचा क्रम असा. ट्रान्सफॉर्मर घरांत, कोरड्या जागीं, बंद पेटींत बसवावा. त्याची 230 व्होल्टांची बाजू मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्यावी. येथें विद्यार्थ्यांनीं हात घालूं नये. दुसऱ्या बाजूच्या एका टोंकापासून तार बटणाकडे, बटणापासून घंटेकडे, आणि घंटेपासून दुसऱ्या टोंकाकडे आणावी, कीं वर्तुळ पुरें झालें. घंटा घेतांना तिच्यावरील व्होल्टांचा आंकडा ट्रान्सफॉर्मरशीं जुळतो कीं नाहीं तें पाहावें. 230 व्होल्टांची घंटा येथें चालावयाची नाहीं. ही तार मुख्य विजेच्या नळींतून नेऊं नये.

तारेची जाडीही महत्त्वाची. फाटक 30 मीटर दूर असेल तर जाऊन येऊन 60 मीटर तार होते. ती तांब्याची व 1 चौरस मिलिमीटर छेदाची असल्यास तिचा रोध सुमारें 1 ओहम भरतो. एक अँपिअर प्रवाहास 8 पैकीं 1 व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतो. छेद निम्मा केल्यास 2 व्होल्ट जातात व घंटा मलूल वाजते.

घंटा वाजेनाशी झाल्यास, जोडणी या कमी दाबाचीच आहे अशी खात्री असेल तरच, बटणामागील दोन टोंकें एकमेकांस टेकवून पाहावीं. वाजली तर दोष बटणाचा. बहुधा आंत मुंग्या शिरलेल्या असतात, किंवा कुंभारीण माशीनें मातीचें घर केलेलें असतें. बटण दाबलेलेंच अडकून राहिलें तर वेटोळें तापतें. तें वेळींच सोडवावें.

दिवाळीच्या सुटींत वायरमनास बरोबर घेऊन हें सारें काम एका दुपारीं झालें. पुढच्या आषाढांत भाच्यानें भर पावसांत पुनः बटण दाबलें. प्रथम तो कचरला; मग दोन्ही सूर ऐकून हंसला.

घरांतील इतर बटणें आपण स्वतः वापरतों. हें एकच बटण परक्याच्या हातासाठीं असतें. टपालवाला, दूधवाला, वाट चुकलेला पांथस्थ, यांस आंतील जोडणी कशी ठाऊक असावी? ती जाणून घेणें हें घरधन्याचेंच कर्तव्य होय. आणि हो, वीज गेली कीं ही घंटा मुकी होते. म्हणून दारावरची जुनी कडी काढूं नये!