क्लब नसलेल्या शहरातून फुटबॉलपटूची सही कशी मिळवायची?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलणं बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटवरून सुचला. सिडको एन-७ मधला दहावीतला एक दोस्त. वाढदिवसाला वडिलांनी त्याला ऑनलाइन मेस्सीची सही असलेली जर्सी मागवून दिली. सोबत चकचकीत सर्टिफिकेट. पोरगा महिनाभर हवेत. मग क्लासमधल्या दुसऱ्या एका मुलाकडे तशीच जर्सी निघाली. दोघांनी दोन्ही जर्सी शेजारी शेजारी ठेवल्या, तर सहीची रेघ न् रेघ सारखी. वडिलांना त्याने अजून सांगितलेलं नाही. मला विचारतोय, "दादा, खरी सही मिळते तरी कुठं? आपल्या संभाजीनगरात तर क्लबच नाही."

आधी त्या जर्सीचं बघू. माणसाचा हात दोनदा अगदी एकसारखी सही करत नाही. बँकेत चेकवर तुमच्या वडिलांची सही बघा, दर वेळी थोडी हलते. तंतोतंत जुळणाऱ्या दोन सह्या म्हणजे छपाई. खऱ्या मार्करची शाई कापडाच्या धाग्यात मुरते आणि रेघ जिथे रेघेला ओलांडते तिथे बहुतेक वेळा जास्त गडद दिसते. छापील सही सगळीकडे एकाच रंगाची. आणि सर्टिफिकेटचं म्हणाल, तर ज्याने जर्सी छापली त्याला कागद छापायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून सही समोर उभं राहून घ्यायची. पण मेस्सीची नाही, हे मी आत्ताच सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये तो भारतात आला तेव्हा काय झालं आठवतंय ना? १३ तारखेला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये हजारो रुपयांची तिकिटं काढलेल्या लोकांना तो नीट दिसलासुद्धा नाही. भोवती नेते, अधिकारी, फोटोवाले यांचं कडं. तो लवकर निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या, बाटल्या मैदानात फेकल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर कार्यक्रम व्यवस्थित झाला, सचिनने त्याला आपली दहा नंबरची जर्सी दिली. पण मेस्सीपासून हातभर अंतरावर जायला आपण सचिन नाही.

आता दुसरं चित्र बघा. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली, तेव्हा एफसी पुणे सिटीकडून डेव्हिड ट्रेझेगे खेळत होता. १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममधला माणूस! युरो २००० च्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारलेला! आणि तो पुण्यात बालेवाडीला खेळत होता, आपल्यापासून एसटीने पाच-सहा तासांवर. मुंबईत त्याच वर्षी अनेल्का आणि युंगबर्ग, गोव्यात रॉबर्ट पिरेस आणि कोच म्हणून साक्षात झिको. आपल्यातले किती जण गेले? मी नाही गेलो. पुढच्या वर्षी जाऊ म्हणालो. पुढच्या वर्षी ट्रेझेगे नव्हता, आणि २०१९ नंतर पुणे सिटी हा क्लबच राहिला नाही. त्या काळात कुणी सही घेतली असेल, तर आज ती बंद पडलेल्या क्लबची आठवण आहे.

हे आत्ता का सांगतोय? कारण परिस्थिती पुन्हा डळमळीत आहे. २०२५-२६ चा आयएसएल हंगाम कराराच्या घोळात अडकला. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत यांच्यासारख्या खेळाडूंना व्हिडिओ करून फिफाकडे मदत मागावी लागली, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२६ मध्ये छोटा हंगाम सुरू झाला. मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुपही बाहेर पडला. मँचेस्टर सिटीवालेच ते. तेव्हा ज्याची सही हवी आहे, तो पुढच्या वर्षी इथेच असेल असं धरून चालू नका.

जायचं कसं? मुंबईत अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, म्हणजेच मुंबई फुटबॉल अरीना. इथून रात्रीची देवगिरी पकडा, सकाळी दादरला उतरा, वेस्टर्नच्या लोकलने अंधेरी, मेट्रोने आझादनगर. सामना रात्री साडेसातचा असेल तर परतीची देवगिरी चुकलीच समजा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सची सीट आधीच बघून ठेवा आणि अठराच्या आतले असाल तर घरातलं कुणीतरी मोठं सोबत हवंच. आणखी एक, सामन्याच्या तारखा बदलतात. आधी तारीख पक्की, मग रेल्वेचं तिकीट. उलटं करू नका.

हे स्टेडियम लहान आहे, हीच त्याची मजा. वानखेडेच्या वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढा दिसतो. इथे तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचते.

वेळ मात्र कळली पाहिजे. टीमची बस सामन्याच्या साधारण दीड तास आधी येते, पण तेव्हा सगळे कानात हेडफोन घालून, डोकं सामन्यात. त्यांना तेव्हा छेडू नका. सामना संपल्यावर जिंकलेली टीम स्टँडकडे टाळ्या वाजवत येते, ती पहिली संधी. हरलेली टीम तडक आत जाते. आणि आता खरी गुपितातली गोष्ट सांगतो. शिट्टी वाजल्यावर ज्यांना खेळायलाच मिळालं नाही असे बदली खेळाडू मैदानावर धावण्याचा व्यायाम करत असतात. सगळी गर्दी स्टारच्या मागे, यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यांना नावाने हाक मारा. थांबतात, सही देतात, दोन मिनिटं बोलतातसुद्धा. तिसरी संधी बसपाशी. अंघोळ, मसाज, मीटिंग उरकून बाहेर यायला तास लागू शकतो. सोबत बिस्किटाचा पुडा ठेवा.

नावाने हाक मारा म्हटलं, तर नाव नीट पाठ करून जा. आपल्या लीगमध्ये मिझोराम, मणिपूरचे खूप खेळाडू आहेत. लालियानझुआला छांगते मिझोरामचाच. मुंबई सिटीकडून खेळताना २०२२-२३ आणि २०२३-२४ असं लागोपाठ दोनदा तो फेडरेशनचा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 'छांगते भाई' म्हटलं तर पुरतं. पण जाळीपाशी काही लोक ईशान्येच्या मुलांना चेहऱ्यावरून जे काय ओरडतात ना, ते ऐकून मान खाली जाते. त्यात आपला आवाज नको.

मार्करबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे माझं नाक कापलं गेलंय. माझ्या पहिल्या सहीला मी घाईत व्हाइटबोर्डचा मार्कर नेला होता. घरी येईपर्यंत जर्सीवर निळसर डाग उरला! परमनंट मार्कर घ्या, बारीक टोकाचा. फिकट जर्सीला काळा. गडद जर्सीला चंदेरी पेंट मार्कर, पण तो आधी हलवून एखाद्या कागदावर चालवून घ्यावा लागतो. जर्सीचं कापड लवचिक असतं, म्हणून आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर खेळाडूचं पेन अडकतं आणि सहीचा गोळा होतो. सही झाल्यावर लगेच घडी घालू नका, दहा मिनिटं वाळू द्या. ती जर्सी पुन्हा धुवायची नाही, उन्हात टांगायची नाही. जर्सी महाग वाटत असेल तर साधी वही आणि बॉलपेन घ्या, काही बिघडत नाही. पानाखाली पेन्सिलने तारीख, मैदान, सामना लिहून ठेवा.

सही मागताना 'माझं नाव घालून द्या' म्हणा. नाव घातलेली सही विकायला अवघड असते, हे खेळाडूंनाही माहीत असतं. विकणारे लोक नाव घालू देत नाहीत, त्यामुळे तुमच्यावर त्यांचा विश्वास बसतो.

आणि जाळी ओलांडायची नाही. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात एफसी गोवाचा सामना अल नस्रशी होता. रोनाल्डो आलाच नाही, पण जुआव फेलिक्स होता, आणि एक जण सेल्फीसाठी थेट मैदानात घुसला. अशा वेळी कारवाई यजमान क्लबवरही होऊ शकते. आपल्या सेल्फीचं बिल आपल्याच क्लबने का भरायचं?

मुंबई जमत नसेल तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने बघा. गर्दी बघून चाट पडाल. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. असा एखादा मुलगा मोठा व्हायच्या आधी त्याची सही घेऊन ठेवता येते. तेच आपल्या आमखास मैदानावरही करता येईल. तिथल्या पोरांना कुणी सही मागितली तर ते आधी लाजतील, मग मित्रांकडे बघतील, मग देतील.

तर एन-७ वाल्या मित्रा, वडिलांना जर्सीचं खरं सांगून टाक. रागावतील ते विकणाऱ्यावर, तुझ्यावर नाही. आणि अंधेरीला त्यांनाच सोबत ने. पुठ्ठा धरायला एक माणूस लागतोच.